ग्लुटेन नसलेला पाव आणि भाकरीची उकड

कणकेचा लिंबाएवढा गोळा घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवावा आणि मग पाण्याने भरलेल्या पातेल्यात धरून हलक्या हाताने दाबत राहावा. पाणी दुधासारखे पांढरे होते. हे पांढरे म्हणजे गव्हातला स्टार्च. कुरडया करताना भिजवलेला गहू वाटून, गाळून आपण जो चीक काढतो, त्याचा मुख्य भाग हाच. पाणी बदलत चार-पाच वेळा असे धुतल्यावर ते निवळ राहू लागते आणि हातात उरतो तो करडा-पिवळसर, ओढला तर ताणणारा आणि सोडला तर पुन्हा आखडणारा रबरासारखा लगदा. हा ग्लुटेन. बोलोन्याचे वैज्ञानिक याकोपो बार्तोलोमेओ बेक्कारी यांनी गव्हाच्या पिठाचे असेच दोन भाग वेगळे केले आणि त्यांचे वर्णन १७४५ साली प्रसिद्ध झाले. आता ज्वारीच्या पिठाचा गोळा घेऊन तसाच धुऊन पाहावा. हातात काहीच उरत नाही. दोन-तीन मिनिटांत सगळा गोळा विरून पाण्याच्या तळाशी जाऊन बसतो. ज्वारीचा पाव करणे कठीण का आहे, हे या एका प्रयोगात दिसते.

गव्हात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन अशी दोन प्रकारची प्रथिने असतात. पिठात पाणी पडून ते मळले गेले की ग्लुटेनिनच्या लांब साखळ्या एकमेकींत गुंतून ताण धरतात आणि ग्लायडिन त्या जाळ्याला लवचीकपणा देते. यीस्ट पिठातली साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडते तेव्हा हा वायू मळताना अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांत शिरतो, बुडबुडे फुगतात आणि त्यांच्या भिंती न फाटता फुग्यासारख्या ताणल्या जातात. ज्वारीतही प्रथिने भरपूर असतात, पण काफिरीन हे त्यातले प्रमुख प्रथिन पाण्यापासून अंग चोरणारे आणि पेशीत बारीक कणांच्या रूपात बंदिस्त असते. कितीही मळले तरी त्याचे जाळे होत नाही. तांदूळ, नाचणी, बाजरी, वरई, राजगिरा यांच्या पिठांतही पावापुरते ताणणारे जाळे तयार होत नाही.

हे जाळे टाळण्याची गरज सर्वांना नाही, आणि निरोगी माणसाने ते टाळल्याने काही विशेष लाभ होतो असेही नाही. ज्यांना सिलियाक हा विकार आहे त्यांना मात्र दुसरा मार्गच नाही. ग्लायडिनमध्ये प्रोलीन आणि ग्लुटामीन ही अमिनो आम्ले इतकी दाटीने असतात की आपली पाचक विकरे त्याचे पूर्ण तुकडे करू शकत नाहीत. अमिनो आम्लांचे लांबलचक अवशेष तसेच लहान आतड्यात पोहोचतात. बहुतेकांच्या शरीराला त्याने काही होत नाही, परंतु विशिष्ट जनुकीय ठेवण असलेल्या काही जणांची प्रतिकारशक्ती त्या अवशेषांना शत्रू समजते आणि त्या लढाईत आतड्याच्या अस्तरावरचे मखमलीसारखे रसांकुर झिजून सपाट होतात. मग मूल पोटभर जेवते, पण अंगी लागत नाही. गहू आणि या आजाराचा संबंध ठामपणे मांडला तो विलेम कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञाने. १९३० च्या दशकापासून ते याचा मागोवा घेत होते. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, नेदरलँड्समध्ये भीषण अन्नटंचाई झाली, पाव मिळेनासा झाला, आणि एरवी उपाशी मुले खंगत असताना ही आजारी मुले सुधारताना दिसली. पाव परत आला तशी त्यांची दुखणीही परतली. डिके यांचा या विषयावरचा प्रबंध १९५० चा आहे. गव्हाबरोबरच जव आणि राय या धान्यांनीही हाच त्रास होतो.

येथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. सिलियाकचा संशय असेल तर रक्ततपासणी होईपर्यंत गहू बंद करू नये. ही तपासणी ग्लुटेनमुळे रक्तात तयार होणारी प्रतिपिंडे शोधते. गहू आधीच सोडला असेल तर ती कमी होतात, अहवाल निर्दोष येतो आणि खरे निदान वर्षानुवर्षे लांबते.

माझ्या भाचीचे निदान ती सहा वर्षांची असताना झाले आणि सुरुवातीचे काही महिने तिला दूधही पचत नव्हते. हे या आजारात पुष्कळदा घडते, कारण दुधातली साखर पचवणारे विकर रसांकुरांच्या शेंड्यांवर असते आणि शेंडेच झिजले की ते विकरही नाहीसे होते. आतडे भरून आल्यावर दूध हळूहळू पुन्हा सोसू लागते. घरात अंडे शिजत नव्हते. त्यामुळे गहू, दूध आणि अंडे या तिन्हींशिवाय डब्यात देता येईल असा पाव करणे, हा आमच्यापुढचा प्रश्न होता. ग्लुटेन नसलेल्या पावाच्या अनेक पाककृतींत दोन-तीन अंडी असतात, आणि ती चवीसाठी नसतात. अंड्यातील प्रथिने तापल्यावर घट्ट होऊन बुडबुड्यांच्या भिंतींना आधार देतात. हा आधारही काढून घेतल्यावर उरते ते पीठ, पाणी आणि यीस्ट. अशा मिश्रणाचे पहिले दोन पाव वर छान फुगले आणि कापल्यावर आत कवचाखाली मोठी पोकळी आणि तळाशी गिच्च थर असे निघाले. पातळ मिश्रणात बुडबुडे वर चढतात, एकमेकांत मिसळून मोठे होतात, आणि स्टार्च शिजून भिंती पक्क्या होण्याच्या आत कोसळतात. ज्वारी आणि तांदूळ यांच्या बहुतेक वाणांतला स्टार्च गव्हातल्या स्टार्चपेक्षा बऱ्याच जास्त तापमानाला, साधारण ७० अंश सेल्सिअसच्या आसपास शिजू लागतो, त्यामुळे हा धोक्याचा काळही लांबतो. त्या काळात बुडबुड्यांना जागच्या जागी धरून ठेवील असा दाटपणा कुठून आणायचा, एवढाच खरा प्रश्न आहे.

त्याचे अर्धे उत्तर भाकरी थापणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असते. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते, भाकरी थापताना कडा फाटतात, आणि मग पिठात आधणाचे पाणी घालून ते मळले जाते. थंड पाण्यात स्टार्चचे कण वाळूसारखे सुटे पडून राहतात. उकळते पाणी मिळाले की ते पाणी पिऊन फुगतात, त्यांच्यातून अमायलोज या स्टार्चच्याच एका घटकाच्या साखळ्या बाहेर पडतात आणि आजूबाजूच्या कोऱ्या पिठाला चिकटवून धरतात. उकडीच्या मोदकाची पारी पातळ करूनही फाटत नाही ती याच कारणाने. तिच्यात ग्लुटेनचा अंशही नसतो. ग्लुटेनविना पीठ बांधण्याची ही विद्या आपल्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि पावासाठी ती जशीच्या तशी उपयोगी पडते, फक्त सगळ्या पिठाची उकड काढायची नसते. सगळे पीठ आधीच शिजवले तर भट्टीत शिजून उभे राहायला काही शिल्लकच राहत नाही. एकूण पिठाचा दहावा भाग पुरतो.

उरलेले अर्धे उत्तर औषधांच्या कपाटात असते. इसबगोल म्हणजे प्लँटॅगो ओव्हाटा या वनस्पतीच्या बियांवरचे पातळ साल. भारत हा त्याचा जगातला सर्वांत मोठा उत्पादक, आणि उत्तर गुजरातेतील उंझा व सिद्धपूर ही त्याच्या व्यापाराची आणि प्रक्रियेची ठिकाणे. या सालातील अरॅबिनोझायलन नावाची शाखायुक्त शर्करासाखळी आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवते आणि त्याची लवचीक जेली बनवते. उकडीने मिश्रण चिकट आणि दाट होते, पण ताणले की तुटते. इसबगोलाची जेली ताण सोसते. फुगणाऱ्या बुडबुड्याभोवती ती पातळ होत जाते पण फाटत नाही, आणि म्हणून ग्लुटेनची जागा घेण्याच्या बाबतीत मला तरी घरगुती वस्तूंत इसबगोलाच्या तोडीचे काही आढळले नाही. कारखान्यांत यासाठी झँथन गमही वापरतात, जो झँथोमोनास नावाचे जिवाणू तयार करतात. त्याने पाव उभा राहतो, परंतु प्रमाण थोडे चुकले की तोंडात बुळबुळीतपणा जाणवतो.

तांदळाच्या पिठाबाबतही एक सूक्ष्म गोष्ट आहे. कोरडा तांदूळ दळताना जात्याच्या दाबाने आणि उष्णतेने स्टार्चचे पुष्कळ कण तडकतात; तडकलेले कण भराभर पाणी शोषतात आणि पाव जड होतो. तांदूळ भिजवून, निथळून, ओलसर असतानाच दळला तर कण कमी तडकतात आणि पीठही मुलायम येते. अनारशांच्या पिठात आपण हेच करतो. मोदकाच्या पिठीचा तांदूळ धुऊन सावलीत वाळवतात, आणि तीही साध्या तांदळाच्या पिठापेक्षा सरस ठरते.

आता प्रत्यक्ष कृती. साधारण वीस सेंटिमीटर लांबीच्या साच्यासाठी १५० ग्रॅम ज्वारीचे पीठ, ७० ग्रॅम तांदळाची पिठी आणि ८० ग्रॅम कॉर्नफ्लोअर वजन करूनच घ्यावे, कारण वाटीच्या मापात पीठ दाबून भरले की सैल भरले यावर पाव बिघडतो. यातले ३० ग्रॅम ज्वारीचे पीठ १५० मिलिलिटर पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवून मंद आचेवर खिरीसारखे दाट होईपर्यंत ढवळावे आणि कोमट होऊ द्यावे. गरम उकड यीस्टला मारते. दुसऱ्या भांड्यात २१० मिलिलिटर कोमट पाण्यात १८ ग्रॅम इसबगोल झपाट्याने ढवळून दहा मिनिटे ठेवावा. इसबगोल साधा असावा, साखर आणि स्वाद घातलेला नको. उरलेल्या पिठांत ६ ग्रॅम इन्स्टंट ड्राय यीस्ट, १२ ग्रॅम साखर आणि ६ ग्रॅम मीठ मिसळून त्यात उकड, जेली, २० मिलिलिटर तेल आणि चमचाभर लिंबाचा रस घालून सगळे पाच-सात मिनिटे नीट मळावे. हे मळणे ताण आणण्यासाठी नसून जेलीचे तुकडे पिठात एकजीव करण्यासाठी आणि हवा कोंडण्यासाठी असते. पीठ थालीपिठाच्या पिठाइतके मऊ झाले पाहिजे आणि ओल्या हाताला आकार देऊ दिला पाहिजे. एकूण पिठापेक्षा पाण्याचे वजन जास्त आहे हे पाहून दचकू नये. गव्हाच्या पिठाला इतके पाणी घातले तर त्याचे घावन होईल, येथे मात्र ते इसबगोल आणि उकड बांधून ठेवतात.

पीठ तेल लावलेल्या साच्यात घालून, ओल्या हाताने वरचा भाग गुळगुळीत करून झाकून ठेवावे. गव्हाचे पीठ एकदा फुगल्यावर दाबून पुन्हा फुगवतात. हे पीठ एकदाच फुगवायचे, कारण दाबून निघालेला वायू पुन्हा धरण्याइतका जोर त्यात उरत नाही. मे महिन्यात पाऊण तास पुरतो, थंडीत दीड तासही लागतो. दीडपट झाले की थांबावे. दुपटीची वाट पाहिली तर भट्टीत मधोमध खड्डा पडतो, हे मी दोनदा अनुभवले आहे. ओव्हन आधी २१० अंशांवर तापवून, खाली उकळत्या पाण्याची वाटी ठेवून पंधरा मिनिटे, आणि मग पाण्याची वाटी काढून १९० अंशांवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटे भाजावे. सुरुवातीच्या वाफेने कवच लवकर वाळत नाही आणि पावाला वर यायला वाव मिळतो. आतले तापमान ९७ अंशांच्या आसपास गेले की पाव झाला. तापमापक नसेल तर साच्यातून काढून तळाशी टिचकी मारावी, पोकळ आवाज यायला हवा.

हा सगळा खटाटोप सिलियाकसाठी असेल तर ज्वारी कुठे दळली जाते हे पीठ कोणते आहे याइतकेच महत्त्वाचे आहे. भारतीय अन्नसुरक्षा नियमांनुसार ग्लुटेनमुक्त म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. कणकेत ग्लुटेन साधारण दहा टक्के धरले, तर किलोभर ज्वारीच्या पिठात एक पंचमांश ग्रॅम, म्हणजे चिमूटभराहूनही कमी कणीक मिसळली की ही मर्यादा गाठली जाते. गिरणीच्या दगडांच्या खाचांत आणि पिठाच्या पिशवीत आधीच्या गव्हाचे पीठ याहून कितीतरी जास्त राहते. आमच्या जवळच्या गिरणीत ज्वारीचा वेगळा दगड आहे असे सांगितले गेले, प्रत्यक्षात गर्दीच्या वेळी त्याच दगडावर गहू दळला जात होता, आणि भाचीचे पोट तीन महिने दुखत राहिल्यावर ते आमच्या ध्यानी आले. तेव्हापासून ज्वारी घरगुती चक्कीवर दळतो आणि त्या चक्कीत गहू घालत नाही. पोळपाट, चाळणी आणि लाकडी उलथनेही वेगळे. बाजारात मिळणाऱ्या हिंगातही पुष्कळदा मैदा किंवा कणीक मिसळलेली असते. पावाशी त्याचा संबंध नाही, पण शेजारच्या भाजीशी आहे.

पाव निघाल्यावर सुरी घेण्याची घाई सर्वांत महागात पडते. आतला स्टार्च अजून सैल असतो. अमायलोजच्या साखळ्या थंड होता होता एकमेकींना धरतात आणि तेव्हा कुठे पावाला अंग येते. दोन ते तीन तास जाळीवर ठेवल्याशिवाय कापले तर सुरीला चिकट थर लागतो आणि पाव कच्चा राहिला असे वाटते. पुढे मात्र हीच प्रक्रिया अंगाशी येते. अमायलोपेक्टिन या स्टार्चच्या दुसऱ्या घटकाच्या शाखा हळूहळू पुन्हा ताठ रचनेत बसू लागतात आणि पाव वातड, मग भुसभुशीत होतो. ग्लुटेन नसलेला पाव गव्हाच्या पावापेक्षा लवकर शिळा होतो, आणि फ्रिजमधले चार-पाच अंश हे तापमान या ताठरपणाला सर्वांत पोषक असते, म्हणून तो फ्रिजमध्ये ठेवूच नये. पहिल्या दिवशी लागेल तेवढा बाहेर ठेवून उरलेल्या पावाच्या चकत्या करून फ्रीझरमध्ये टाकाव्यात. तेथे पाणी गोठल्याने ही हालचाल जवळजवळ थांबते. अमायलोपेक्टिनची ही ताठ रचना साठेक अंशांना मोडते, त्यामुळे सकाळी डबा भरताना गोठलेली चकती थेट तव्यावर टाकून, वर झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी शेकली की ती पुन्हा मऊ होते आणि दुपारच्या सुट्टीपर्यंत तशीच राहते.