अजिंठ्यासाठी मुक्काम जळगावातच करा

‘अजिंठा बघायचा तर मुक्काम छत्रपती संभाजीनगरलाच,’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. खान्देशातली माणसंसुद्धा पाहुण्यांना हेच सांगतात, याचं मला फार वाईट वाटतं. संभाजीनगरपासून लेणी सुमारे १०० किलोमीटर, जळगावपासून साधारण ६०. वेरूळ, देवगिरी आणि बीबी का मकबरा त्या शहराजवळ, म्हणून अजिंठाही तिथलाच, अशी समजूत पसरली असावी. वेरूळ करायचं असेल तर तिकडेच राहा, ते बरोबर आहे.

फक्त अजिंठा असेल, तर जळगाव. मुंबई-हावडा मार्गावरचं हे जंक्शन, सुरतेची लाइनही इथेच मिळते. खोली मात्र स्टेशन ते बसस्थानक या पट्ट्यात घ्या. महामार्गावरचं हॉटेल मोठं दिसतं, पण प्रत्येक वेळी रिक्षा शोधावी लागते. सकाळी संभाजीनगरची एसटी धरा, नेरी-पहूरवरून जाणारी, आणि फर्दापूरच्या पुढे लेण्यांच्या फाट्यावर उतरा. तिथून लेण्यांच्या पायथ्यापर्यंत वेगळी बस असते. सोमवारी लेणी बंद. संध्याकाळी परत आलात की भरीत-भाकरी खाऊनच गाडीत बसा.