एडीएचडीच्या गोळीची धास्ती

एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं, अतिचंचलता आणि आवेग न आवरणं, यावरच्या 'मिथाइलफेनिडेट' या औषधाचं नाव डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आलं की पुढचा प्रकार ठरलेला असतो. घरी पोहोचायच्या आधीच कुणीतरी ते मोबाइलवर शोधतं आणि दोन मिनिटांत 'उत्तेजक', 'नियंत्रित औषध', 'कोकेनसारखी क्रिया' असे शब्द समोर येतात. मग प्रश्नांची सरबत्ती. सवय लागेल का? मूल गप्पगप्प होईल का? उंची खुंटेल का? हृदयाला काही होईल का? आणि एकदा सुरू केली की जन्मभर घ्यावी लागेल का? एडीएचडीचं निदान मोठेपणी झालेल्यांच्या मनातही साधारण हेच असतं.

प्रश्न रास्त आहेत. तक्रार एवढीच की धास्ती भलतीकडेच एकवटते. ज्याची सर्वांत जास्त भीती वाटते, त्याबाबतचा पुरावा बराच दिलासा देणारा आहे. जिथे खरोखर डोळ्यांत तेल घालून बघायला हवं, म्हणजे भूक, झोप आणि डोस, तिकडे मात्र फारसं कुणी बघत नाही.

व्यसनापासूनच सुरुवात करू. मेंदूतल्या चेतापेशी एकमेकींना निरोप देताना डोपामिन नावाचं रसायन दोन पेशींमधल्या सूक्ष्म फटीत सोडतात. काम झालं की ते परत आत ओढून घेणारी प्रथिनं पेशीच्या आवरणात असतात. मिथाइलफेनिडेट ही प्रथिनं अडवून धरतं, त्यामुळे डोपामिन फटीत जास्त वेळ टिकतं. नॉरएपिनेफ्रिन या दुसऱ्या रसायनाचंही तसंच होतं. एडीएचडीवरच दिली जाणारी ॲम्फेटामाइन गटातली औषधं याच्याही पुढे जाऊन पेशीतला साठा बाहेर काढतात. आणि हो, कोकेन बसतं ते याच प्रथिनांवर. इथवर वाचून कुणी घाबरलं तर त्याला दोष देता येणार नाही.

पण सगळी मेख वेगात आहे. अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत मेंदू-संशोधक नोरा व्होल्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात पेट स्कॅनच्या (मेंदूतल्या रासायनिक घडामोडी दाखवणाऱ्या तपासणीच्या) मदतीने माणसांच्या मेंदूत प्रत्यक्ष पाहिलं, की उपचारासाठी दिल्या जाणाऱ्या डोसमध्येही मिथाइलफेनिडेट या प्रथिनांपैकी निम्म्याहून अधिक अडवतं. म्हणजे परिणाम किरकोळ नाही. तरीही गोळी घेतलेल्यांना नशा चढली नाही. शिरेतून घेतलेलं कोकेन मेंदूत काही मिनिटांत कळस गाठतं, पोटातून गेलेल्या गोळीला त्यासाठी तासभर किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. डोपामिन एकदम उसळलं तर मेंदू ते झिंग म्हणून नोंदवतो. ते संथपणे चढलं तर समोरच्या कामात मन लागतं, एवढंच. याच संशोधकांनी हेच औषध स्वयंसेवकांना शिरेतून दिलं, तेव्हा मात्र नशा आली. त्यामुळे गोळीची पूड करून नाकाने ओढणं हा उपचार राहत नाही, तो औषधाचा गैरवापर होतो आणि त्यात व्यसनाचा धोका खरा आहे. औषध कंपन्यांनाही हे ठाऊक आहे. २००७ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या लिसडेक्सॲम्फेटामाइनमध्ये औषधाच्या रेणूला लायसिन हे अमिनो आम्ल जोडलेलं असतं. रक्तातल्या लाल पेशी ते तोडतात तेव्हाच औषध मोकळं होतं. हुंगा नाहीतर टोचून घ्या, या प्रक्रियेची घाई करता येत नाही.

आता दुसरी शंका: लहानपणी गोळी घेतलेली मुलं पुढे दारूकडे, अमली पदार्थांकडे वळतात का? एडीएचडी असलेल्यांमध्ये व्यसनाचं प्रमाण मुळातच जास्त असतं, औषध घेतलं तरी आणि नाही घेतलं तरी. २०१३ साली पंधरा दीर्घकालीन अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं, त्यांत अडीच हजारांहून अधिक जण होते. औषधामुळे व्यसनाचा धोका वाढलेला दिसला नाही. कमी झालेलाही दिसला नाही, हेही सांगायला हवं. गोळी व्यसनापासून वाचवते असा प्रचार करणारे उत्साही लोक हा दुसरा भाग गाळतात.

'मूल मूल राहत नाही, पुतळा होतो' ही तक्रार मला यापेक्षा गंभीर वाटते, कारण ती काही घरांत अगदी खरी असते. इथे थोडं मागे जाऊ. १९३७ साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये चार्ल्स ब्रॅडली नावाचे डॉक्टर वर्तनसमस्या असलेल्या मुलांच्या निवासी रुग्णालयात काम करत होते. मेंदूच्या एका वेदनादायक तपासणीनंतर मुलांचं डोकं दुखायचं, त्यावर उतारा म्हणून त्यांनी बेन्झेड्रिन हे ॲम्फेटामाइन देऊन पाहिलं. डोकेदुखीवर फारसा उपयोग झाला नाही, पण वर्गात भलतंच घडलं. तीस मुलांपैकी चौदा जणांची अभ्यासातली प्रगती थक्क करणारी होती. मुलांनी स्वतःच त्या गोळ्यांना 'गणिताच्या गोळ्या' असं नाव ठेवलं. त्याच नोंदींत काही मुलं भावनिकदृष्ट्या शांत, दबल्यासारखी झाल्याचंही आहे. म्हणजे गुण आणि त्याची सावली, दोन्ही पहिल्या दिवसापासून दिसत होते.

कपाळामागचा मेंदूचा भाग आवेग आवरतो, काय आधी करायचं ते ठरवतो, विचलित करणाऱ्या गोष्टी बाजूला सारतो. डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन यांचं त्या भागाशी नातं जेवणातल्या मिठासारखं आहे: कमी पडलं तरी बिघडतं, जास्त झालं तरी बिघडतं. डोस जास्त झाला की मूल एका गोष्टीला चिकटून बसतं, हसणं-बोलणं आटतं, डोळ्यांतला खट्याळपणा जातो. असं दिसलं तर तो औषधाचा अपेक्षित परिणाम समजून गप्प बसू नये. डॉक्टरांना कळवावं. बहुतेक वेळा डोस उतरवून किंवा औषध बदलून हे सुटतं. म्हणूनच कमी डोसपासून सुरुवात करून काही आठवडे हळूहळू वाढवत नेतात. योग्य डोस वजनाच्या तक्त्यातून मिळत नाही, तो त्या माणसाकडे बघत बघत शोधावा लागतो.

गोळी लागू पडलेल्या मुलाचा दिवस कसा जातो? सकाळी गोळी, तासाभरात वर्गात लक्ष लागू लागतं. दुपारचा डबा जवळपास भरलेलाच परत येतो, कारण भूक मेलेली असते. संध्याकाळी औषध उतरायला लागलं की मूल अचानक चिडचिडं, रडवेलं, नेहमीपेक्षाही चंचल होतं. रात्री दहाला जेवण मागतं आणि अकरापर्यंत झोपत नाही. यातली प्रत्येक गोष्ट ओळखीची आहे आणि जवळपास प्रत्येकीवर काहीतरी करता येतं. भरपेट न्याहारी गोळीच्या आधी किंवा सोबत द्यायची, रात्रीच्या भुकेला आडकाठी करायची नाही. साधी गोळी तीन-चार तास टिकते, दीर्घ परिणामाची आठ ते बारा तास. त्यामुळे कोणती, किती वाजता, यावर संध्याकाळचं उतरणं आणि रात्रीची झोप बरीच अवलंबून असते. 'हिला संध्याकाळी काहीतरी होतं' एवढं सांगण्यापेक्षा किती वाजता गोळी दिली आणि किती वाजता चिडचिड सुरू झाली हे आठवडाभर लिहून नेलं, तर डॉक्टरांचं काम निम्मं होतं.

उंचीचा प्रश्न भुकेला लागूनच येतो. इथे उत्तर 'हो, थोडा फरक पडतो' असं आहे. मुलांना मोठेपणापर्यंत पाहिलेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात सातत्याने किंवा अधूनमधून औषध घेतलेल्यांची उंची, जवळपास न घेतलेल्यांपेक्षा सरासरी अडीच सेंटिमीटर कमी भरली. हे काहींना नगण्य वाटेल, काहींना नाही. तो निर्णय डॉक्टरांनी परस्पर घेऊ नये, घरच्यांना आकडा सांगून घ्यावा. उपचारांचे निकष ठरवणाऱ्या ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेची मार्गदर्शक सूचना मुलांची उंची दर सहा महिन्यांनी मोजायला सांगते. नाडी आणि रक्तदाब प्रत्येक डोसबदलाच्या आधी व नंतर आणि एरवी दर सहा महिन्यांनी.

हृदयाचं थोडक्यात. ही औषधं नाडी आणि रक्तदाब किंचित वाढवतात. अमेरिकेत बारा लाख मुलं आणि तरुणांच्या नोंदी तपासून २०११ साली आलेल्या अभ्यासात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, अचानक मृत्यू यांत लक्षणीय वाढ आढळली नाही. २०२३ साली स्वीडनमधून आलेल्या अभ्यासात मात्र अनेक वर्षं औषध घेणाऱ्यांत उच्च रक्तदाब आणि धमन्यांच्या आजाराचा धोका वाढलेला दिसला. म्हणून जन्मजात हृदयदोष, बेशुद्ध पडण्याचा इतिहास, कुटुंबात कमी वयात झालेला अकस्मात मृत्यू, यांपैकी काही असेल तर ते न विचारताही सांगावं. भ्रम किंवा भास होण्याचा धोका क्वचित असतो, पण असतो. मुलाला आवाज ऐकू येऊ लागले किंवा विनाकारण संशय येऊ लागला तर डॉक्टरांशी लगेच बोलायचं.

एक उलटा गैरसमजही आहे. 'गोळीने फरक पडला, म्हणजे एडीएचडी होतंच' असं पालक म्हणतात आणि कधीकधी शिक्षकही. ज्युडिथ रॅपोपोर्ट आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली कोणताही त्रास नसलेल्या चौदा मुलग्यांना ॲम्फेटामाइनचा एक डोस दिला. तीही मुलं शांत बसली, त्यांचंही लक्ष सुधारलं. तेव्हा गोळी लागू पडणं हा निदानाचा पुरावा नाही. निदान वर्षानुवर्षांच्या वागण्यातून, एकाहून अधिक ठिकाणी दिसणाऱ्या अडचणीतून होतं. परीक्षेच्या आदल्या रात्री मित्राची गोळी मागून घेणाऱ्यांसाठी २०२३चा एक प्रयोग आहे: निरोगी लोकांनी ही औषधं घेऊन अवघड कोडी सोडवली, तेव्हा ते जास्त राबले, पण उत्तरांचा दर्जा सुधारला नाही. प्रयत्नांचा दर्जा तर खालावला.

आणि दीर्घकाळात फायदा किती? इथे औषधाचे समर्थक आणि विरोधक दोघंही एकच अभ्यास आपापल्या सोयीने वापरतात. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ५७९ मुलं होती. चौदा महिन्यांनंतर, काटेकोर देखरेखीखाली औषध घेतलेल्यांची लक्षणं नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा बरीच कमी होती. विशेष म्हणजे 'नेहमीच्या उपचारां'तल्या बहुतेक मुलांनाही औषध मिळतच होतं, फक्त डोस कमी आणि डॉक्टरांच्या भेटी विरळ. मला या अभ्यासातला हाच भाग सर्वांत बोलका वाटतो. प्रयोग संपून देखरेख थांबली आणि तीन वर्षांच्या टप्प्यावर गटांमधला फरक मिटला होता. औषध मेंदू कायमचा बदलत नाही, पोटात आहे तोवर मदत करतं. ती मदत मात्र खरी आहे. स्वीडनमधल्या नोंदींत त्याच व्यक्तीच्या औषध घेतलेल्या आणि न घेतलेल्या काळाची तुलना केली, तेव्हा औषधाच्या काळात पुरुषांचे गुन्हे सुमारे ३२ टक्क्यांनी आणि स्त्रियांचे ४१ टक्क्यांनी कमी होते.

ज्यांना उत्तेजक औषध सोसत नाही किंवा नको आहे, त्यांच्यासाठी ॲटोमॉक्सेटिन, ग्वानफेसिन, क्लोनिडिन अशी वेगळ्या जातकुळीची औषधं आहेत. परिणाम सहसा सौम्य. ॲटोमॉक्सेटिनचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि त्या काळात, विशेषतः लहान वयात, आत्महत्येचे विचार डोकावतात का याकडे लक्ष ठेवावं लागतं.

राहिला जन्मभराचा प्रश्न. वर्षातून एकदा तरी औषधाची अजून गरज आहे का हे तपासावं, असं नाइसची सूचना सांगते. काहींची लक्षणं वयासोबत सौम्य होतात आणि औषध सुटतं, काहींना चाळिशीतही त्याचा आधार लागतो. थांबवून पाहायचं ठरलं तर ते डॉक्टरांच्या सल्ल्याने, परीक्षा किंवा नवी नोकरी नसलेल्या शांत आठवड्यात करावं. ग्वानफेसिन किंवा क्लोनिडिन चालू असेल तर मात्र गोळी एका दिवसात बंद करायची नाही. रक्तदाब अचानक उसळू शकतो, म्हणून ती टप्प्याटप्प्यानेच उतरवतात.