सातवीण फुलते तेव्हा

ऑक्टोबरमध्ये दिवेलागणीनंतर ठाण्यातल्या एखाद्या जुन्या कॉलनीतून किंवा वाशी-नेरूळच्या सेक्टरांतून चालत निघालं, की कुठल्यातरी वळणावर तो वास अंगावर येतो. गोडसर, जड, काहींचं डोकं हमखास उठवणारा. सातवीण फुललेली असते. रस्त्याकडेला सावलीसाठी लावलेल्या या झाडाखाली रात्री थांबू नये, असं कोकणातल्या म्हाताऱ्या सांगत. इंग्रजीतही त्याचं एक नाव सैतानाचं झाड असंच आहे. शास्त्रीय नाव मात्र अल्स्टोनिया स्कोलारिस. यातलं ‘स्कोलारिस’ शाळेवरून आलं, कारण या झाडाच्या लाकडाच्या मुलांसाठी पाट्या होत. भुताचं झाड आणि पाटीचं झाड एकच!

याच दिवसांत आमच्याकडे भुताखेतांची पुस्तकं काढली जातात. हल्ली मॉलमध्ये नारिंगी भोपळे टांगलेले दिसतात, म्हणून ही हॅलोविनची लागण असावी असं वाटतं. आपला भोपळा म्हातारीला लेकीकडून सुखरूप घरी आणणारा. त्याला डोळे-दात कोरून भीती दाखवायला लावलेलं बघून मला उगाच वाईट वाटतं. पण मराठी माणसाची शरदातली भीती त्या भोपळ्यापेक्षा बरीच जुनी आहे, आणि ती आली दोन वाटांनी. एक पंचांगातून आणि दुसरी छापखान्यातून.

आधी पंचांग. आपला शरद म्हणजे पानगळ नव्हे, पानगळ शिशिरातली. शरद म्हणजे परतीचा पाऊस, संध्याकाळी कडाडणाऱ्या विजा, दुपारचा रखरखाट आणि भाद्रपद वद्यातला पितृपक्ष. ठाण्यात राहणारे निम्मे चाकरमानी त्याच्या जरा आधी गणपतीला गावी जाऊन आलेले असतात. येताना पिशवीत खोबरं-कोकम आणि डोक्यात गजाली. अमक्याला साकवावर चकवा लागला, तमक्याच्या परसातल्या पिंपळावर मुंजा आहे. गाडी ठाण्याला लागेपर्यंत मुलांना हे सगळं पाठ झालेलं असतं. लगेच पंधरवड्यात गच्चीवर पान वाढून कावळ्याची वाट बघणं सुरू.

पितर आणि भूत यांत आपल्याकडे पक्का फरक आहे. पितर बोलावलेले पाहुणे, त्यांना खीर-वडे. भूत म्हणजे ज्याचं काहीतरी राहून गेलं ते. मुंज झाली पण लग्न व्हायच्या आत गेला तो मुंजा, बाळंतपणात गेली ती हडळ, पाण्यात बुडून मेला तो गिऱ्हा. जवळजवळ प्रत्येक मराठी भुताच्या मागे एक अर्धवट राहिलेला संस्कार किंवा अर्धवट आयुष्य असतं. आपल्या चांगल्या भयकथा आजही याच नियमाने चालतात. भूत नेमकं काय मागतंय हे कळलं, की कथा उलगडते.

वेताळ मात्र या यादीत बसत नाही. तो भुतांचा राजा, कोकणात तर गावाचा राखणदार. आरवलीच्या वेतोबाला लोक भल्यामोठ्या चपला वाहतात, कारण रात्री गावाभोवती फेऱ्या मारून त्याच्या चपला झिजतात. हाच वेताळ अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागरा’त राजाच्या पाठीवर बसवला. राजाला स्मशानात बोलावलं जातं ते कृष्ण चतुर्दशीच्या रात्री. महिना कथेत महत्त्वाचा नाही, तिथी आहे. आश्विनातल्या त्याच तिथीला आपण पहाटे अभ्यंगस्नान करून कारिट फोडतो, आणि बंगाल्यांकडे त्या आदल्या संध्याकाळचं नावच भूत चतुर्दशी. चौदा पणत्या लावायच्या आणि चौदा पालेभाज्या खायच्या.

मराठी छपाई नुकती बाळसं धरत होती तेव्हा, 1830 साली, सदाशिव काशीनाथ छत्र्यांनी ‘वेताळपंचविशी’ मराठीत आणली. म्हणजे मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या छापील गोष्टींत इसापाच्या कोल्ह्याशेजारी झाडाला लटकलेलं प्रेत आहेच. शिवाय ती नुसती भयकथा नाही. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी वेताळ कोडं घालतो आणि उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोकं फुटेल म्हणतो. रहस्यकथा आणि भयकथा आपल्याकडे एकाच कपाटात ठेवतात, त्याचं मूळ मला इथे दिसतं.

गावोगावची भुतं कागदावर उतरली त्यामागे एक चमत्कारिक हकिगत आहे आणि तिचं एक टोक ठाण्यात आहे. नाशिकचा कलेक्टर आर्थर जॅक्सन संस्कृतचा अभ्यासक होता. लोकसमजुती जमवण्यासाठी त्याने प्रश्नावली तयार केली होती आणि गावच्या शाळामास्तरांनी उत्तरं लिहून पाठवायची, अशी पद्धत. बाबाराव सावरकरांवरच्या खटल्यामुळे क्रांतिकारकांचा त्याच्यावर रोष होता. 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’च्या प्रयोगाला आला असताना अनंत कान्हेऱ्यांनी त्याला गोळ्या घातल्या. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या तिघांना 19 एप्रिल 1910 रोजी फाशी झाली ती ठाण्याच्या तुरुंगात. पुढे 1915 मध्ये एन्थोवेन या दुसऱ्या इंग्रज अधिकाऱ्याने जॅक्सनच्या टिपणांतला कोकणचा भाग संपादून प्रसिद्ध केला. मुंजा, गिऱ्हा, खवीस, जखीण, लावसट, झोटिंग, सगळे तिथे ओळीने हजर. मास्तरांनी जनगणनेचा तक्ता भरावा तितक्या निर्विकारपणे ते लिहिलेलं आहे, त्यामुळे वाचताना जास्तच काटा येतो.

आता छापखान्याची वाट, आणि तीही 1909 मधूनच जाते. त्या वर्षी काशीनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला. दिवाळी अंकांची परंपरा तिथून मोजतात. इंग्रजी मासिकांचे नाताळचे विशेषांक त्यांच्या डोळ्यासमोर होते, असं सांगितलं जातं. ते खरं असेल तर गंमत अशी, की इंग्रजांच्या त्या नाताळ अंकांचा जीवच भुताच्या गोष्टींवर होता.

इंग्रजांचा भुताचा हंगाम आधी डिसेंबर होता, ऑक्टोबर नंतर आला. बाहेर बर्फ, आत शेकोटी, साडेतीन-चारलाच अंधार. डिकन्सने 1843 मध्ये नाताळच्या रात्री कंजूष म्हाताऱ्याकडे भुतं पाठवली. मग स्वतःच्या साप्ताहिकांच्या नाताळ अंकांत तो दरवर्षी असा माल देत राहिला. 1866 च्या अंकात त्याची बोगद्याच्या तोंडाशी एकटाच राहणाऱ्या सिग्नलवाल्याची गोष्ट आली. आदल्याच वर्षी, जून 1865 मध्ये, स्टेपलहर्स्टच्या रेल्वे अपघातातून तो स्वतः वाचला होता आणि ती धास्ती त्या गोष्टीत उतरली आहे. ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली ती कल्याण-ठाणे फास्ट लोकलमध्ये. तेव्हा फास्ट गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. 1916 साली सुरू झालेला, सव्वा किलोमीटरहून लांब बोगदा. डब्यातले दिवे दोनदा लुकलुकले आणि मी पुस्तक मिटलं ते थेट ठाण्याला उतरल्यावर उघडलं.

हॅलोविनची कूळकथा वेगळीच. आयर्लंडमधला हिवाळ्याच्या तोंडचा साविन सण, त्यावर बसलेला 1 नोव्हेंबरचा सर्व संतांचा दिवस, आणि एकोणिसाव्या शतकात दुष्काळाने अमेरिकेला गेलेली आयरिश माणसं. मायदेशी ते सलगम कोरत, तिकडे भोपळा मिळाला. त्याच आठवड्यात, 2 नोव्हेंबरला, आपल्याकडचे ख्रिस्ती लोकही दफनभूमीत जाऊन थडग्यांवर मेणबत्त्या लावतात. त्यासाठी त्यांना कुणाचा भोपळा लागत नाही.

तर, अंक नाताळचा दिवाळीचा झाला आणि भूतही त्याच्याबरोबर दिवाळीत आलं. लगेच नाही. सुरुवातीच्या अंकांत कविता, लेख, कौटुंबिक कथा, बायकांची चित्रं असा मामला होता. थरार वाढला तो वाचक वाढल्यावर. चाळीसच्या दशकापासून बाबूराव अर्नाळकरांनी झुंजार आणि काळा पहाड असे गडी उभे केले आणि हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. पातळ पुस्तक, झटकन वाचून होणारं, गिरणीतल्या माणसालाही परवडणारं. शिष्टांनी नाकं मुरडली. पण नुकती अक्षरओळख झालेल्या किती लोकांना वाचायची चटक या काळ्या पहाडाने लावली, याचा हिशेब कुणी मांडला नाही. अनंत अंतरकरांनी 1946 मध्ये ‘हंस’ काढला आणि पुढे अद्भुत, गूढ कथांसाठी ‘नवल’ चालवलं. साठच्या दशकात ‘धनंजय’ आला. रहस्य, भय, विज्ञान असा मसाला असलेला जाडजूड दिवाळी अंक, ज्यासाठी वाचनालयात आधीच नाव नोंदवून ठेवायला लागायचं.

नारायण धारप (1925–2008) आणि रत्नाकर मतकरी (1938–2020) ही दोन नावं याच वाटेवरून घराघरांत गेली. धारपांच्या कथेत वाईट शक्ती खरीखुरी असते, बाहेरून येते, दारात उभी राहते, आणि तिच्याशी लढायला त्यांच्या कथांतल्या समर्थांसारखा माणूस लागतो. त्यांच्या काही कादंबऱ्यांची हाडं इंग्रजी आहेत, हे दर्दी वाचकांना माहीत आहे आणि त्यावर वाद अजून चालतात. माझं मत असं, की सांगाडा कुणाचाही असो, वाड्यातल्या माजघराचा तो ओलसर, बंद वास त्यांचाच. मतकरींकडे भूत असेलच असं नाही. दोन खोल्यांचा फ्लॅट, नवरा-बायको, एक लहान मूल, आणि चौथ्या पानावर कळतं की इथे काहीतरी चुकतंय. त्यांच्याच ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यातली चेटकीण बघून गडकरी रंगायतनमध्ये रडलेली आणि मग खुर्चीवर उभी राहून हसलेली पोरं पुढे त्यांच्या गूढकथांकडे वळली, यात नवल नाही. याच मतकरींनी उतारवयात ठाण्यातल्या वस्त्यांमधल्या मुलांना घेऊन वंचितांचा रंगमंच उभा केला.

धारपांकडे नवे वाचक वळले ते 2018 च्या ‘तुंबाड’ सिनेमामुळे. नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीची आठवण करून देणारं, प्रेरणा धारपांच्या कथेची.

आता ठाण्याकडे या. इथलं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 सालचं. वि. ल. भावे आणि त्यांच्या सोबत्यांनी केवळ मराठी ग्रंथांसाठी ते सुरू केलं, मुंबईच्या त्याच नावाच्या संस्थेच्या पाच वर्षं आधी. मागाहून पेठापेठांत, सोसायट्यांच्या तळमजल्यांवर छोटी वाचनालयं निघाली आणि त्यांनी दिवाळी अंक योजना चालवल्या. ठरावीक रक्कम भरा आणि होळीपर्यंत एकेक अंक बदलून न्या. भयकथा लोकप्रिय होण्यात या योजनेचा हात मोठा. भुताखेतांचं मासिक विकत घेतलं तर घरातले सगळे विचारणार. पण बदलीच्या अंकात भूत निघालं तर तो आपला दोष नाही.

आमच्या गल्लीतल्या वाचनालयात अंकांना खाकी कागदाची कव्हरं असत, वर शाईने नाव, आत तारखांची चिकटवलेली चिठ्ठी. एका वर्षी मला मिळालेल्या अंकात रहस्यकथेच्या दुसऱ्याच पानावर कुणीतरी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘डॉक्टर.’ मी चडफडत काऊंटरवर गेलो.

“काकू, हे बघा काय करून ठेवलंय.”

काकूंनी चष्मा वर केला, पान बघितलं. “अरे, ते सगळ्यांनाच वाटतं. तू वाच.”

शेवटी खुनी डॉक्टर नव्हताच. पेन्सिलवाल्यानेही बहुतेक अर्ध्यावरच सोडलं असावं.

यंदा काय वाचायचं असं कुणी विचारलं, तर मी आधी विचारतो, कुठे वाचणार? ट्रान्सहार्बर लोकलच्या गर्दीत उभ्याने वाचायचं असेल तर मतकरींची एक कथा पुरते, ठाण्याला सुरू करून वाशी यायच्या आत संपते आणि पुढे दिवसभर मानेवर बसून राहते. रविवारी दुपारी पंख्याखाली आडवं पडायचं असेल तर धारपांची कादंबरी, पण सुरू केली तर अंधार पडायच्या आत संपवायच्या बेताने. लहान मूल बरोबर असेल तर वेताळ, कारण प्रत्येक गोष्टीला कोडं आहे आणि भीती वाटली की उत्तराच्या भांडणात ती विरून जाते. अर्नाळकर फक्त ज्यांना जुन्या मुंबईच्या मोटारी आणि पिस्तुलं आवडतात त्यांना. आणि या वर्षीचे नवे अंक येतील तेव्हा अनुक्रमणिकेत ‘गूढ’ असं छापलेलं बघून लगेच हुरळून जाऊ नका. पहिलं पान उभ्याउभ्या वाचा. तिथेच मध्यरात्र, वाडा, घुबड आणि विजेचा लखलखाट असं सगळं एकदम आलं असेल, तर लेखकाकडे पुढे घाबरवायला काही उरलेलं नसतं.

काकूंचं वाचनालय अजून आहे. परवा गेलो तर अंक यायला वेळ होता, पण नोंदवही उघडून ठेवलेली. माझ्या आधी सतरा नावं होती.