भाव ठेवणे आणि हमी मागणे

आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एका मावशींना भेटायला दवाखान्यात गेले होते. ‘जय ख्रिस्त’ झालं, चहा झाला, आणि उशी नीट करायला उचलली तर खाली तीन वस्तू निघाल्या: शास्त्र (आम्ही बायबलला शास्त्र म्हणतो), जैतुणाच्या तेलाची बोटभर बाटली आणि घरून आणलेली मधुमेहाच्या गोळ्यांची दोन न फोडलेली पाकिटं. तीन आठवड्यांपूर्वी मावशी एका चंगाई सभेला, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या सभेला, गेल्या होत्या. देवाने तुम्हाला बरं केलंय, आता गोळी घेणं म्हणजे देवावर संशय घेणं, असं तिथे स्टेजवरून सांगितलं गेलं. मावशींनी त्याच रात्री गोळ्या बंद केल्या. चपलेने घासून पायाच्या बोटाला साधी जखम झाली होती, ती चिघळत काळी पडली. मी पाकिटांकडे बघतेय हे पाहून त्या हळूच म्हणाल्या, “सिस्टर सुई टोचते ते माझ्या हातात नाही. पण माझ्या हाताने गोळी घेतली तर देवाला वाटेल ना गं, हिचा विश्वास एवढाच होता.”

मावशींचा विश्वास एवढासा नाही. नवरा गेल्यावर शिवणकामावर दोन पोरं वाढवलेली बाई आहे ती. घोटाळा शब्दाचा आहे. ‘विश्वास’ या एका शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो, आणि आजारपणात नेमकी चुकीची गोष्ट हातात येते.

मराठी शास्त्रात यातल्या पहिल्या गोष्टीला फार सुरेख शब्दप्रयोग आहे: भाव ठेवणे. ‘तू आपल्या अगदी मनापासून परमेश्वरावर भाव ठेव’, हे नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायातलं वचन आपल्यातल्या निम्म्या घरांत भिंतीवर टांगलेलं असतं. भाव ठेवायचा तो कुणावर तरी, माणसावर किंवा देवावर. दुसरी गोष्ट हमी. हमी असते ती कशाची तरी: रकमेची, मुदतीची, निकालाची. शेतकरी सरकारकडे हमीभाव मागतो आणि त्याने तो मागावाच, पण देवाशी बोलताना आपणही हळूहळू हमीभावाच्याच भाषेत शिरतो. इतकी प्रार्थना, इतके उपास, इतका विश्वास, तर इतकी चंगाई.

बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून तर फसगत होते. भाव ठेवणारी बाई म्हणते, ‘देव मला बरं करील,’ आणि हमी धरून बसलेली बाईही तेच म्हणते. दोघी तेच स्तोत्र वाचतात, आणि बहुतेक वेळा ते बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं ९१ वं असतं. २०२० साली कोरोनात तर हे स्तोत्र आमच्या प्रत्येक ग्रुपवर दिवसातून चारदा यायचं. हजार तुझ्या बाजूला पडतील, दहा हजार तुझ्या उजव्या हाताला पडतील, पण तुझ्याजवळ ते येणार नाही. मरीचं भय तुला वाटणार नाही. मीही ते रोज वाचलं. आणि ते रोज वाचणारे, माझ्याहून चांगले लोक त्या दोन वर्षांत गेले. मग हे स्तोत्र खोटं ठरलं का?

हा प्रश्न मला अनेक रात्री छळत होता. उत्तराची वाट सापडली ती मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात. सैतान येशूला मंदिराच्या शिरोभागी उभं करतो आणि म्हणतो, खाली उडी टाक. कशाच्या आधारावर? याच ९१ व्या स्तोत्राच्या. देवदूत तुला हातांवर झेलतील, तुझ्या पायाला ठेच लागणार नाही. शब्द चोख आहेत, पाठांतर माझ्यापेक्षा बरं आहे. (तो बाराव्या वचनावर थांबतो हेही बघा. तेराव्यात सापाला पायांखाली तुडवण्याची गोष्ट आहे.) येशू त्याला ‘हे स्तोत्र खोटं आहे’ असं म्हणत नाही. तो म्हणतो, तुझा देव परमेश्वर याची परीक्षा पाहू नको. स्तोत्र तेच, पण एकाने ते आसऱ्याला जायचं घर म्हणून वाचलं आणि दुसऱ्याने वटवायचा चेक म्हणून. उडी मारून बघू, झेलतो का, ही हमीची भाषा. गोळ्या बंद करून बघू, बरं करतो का, हीसुद्धा तीच उडी आहे, फक्त मंदिराऐवजी आपल्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावरून मारलेली.

इथे कुणी शास्त्र उघडून मला अडवेल, आणि अडवावंच. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायाचं पहिलंच वचन म्हणतं की विश्वास हा आशा धरलेल्या गोष्टींविषयीचा भरवसा आणि न दिसणाऱ्या गोष्टींबद्दलची खात्री आहे. खात्री म्हणजे हमीच की! पण तो अध्याय शेवटपर्यंत वाचणारे कमी. आधी समुद्र दुभंगतो, यरीहोचे तट पडतात, सिंहांची तोंडं बंद होतात, स्त्रियांना त्यांची मेलेली माणसं परत मिळतात. आणि मग ३५ व्या वचनाच्या मध्यावर, नवा परिच्छेदसुद्धा न करता, दुसरी यादी सुरू होते: कित्येकांचे हाल झाले, कित्येकांनी फटके सोसले, दगडमार झाला, करवतीने चिरले गेले. दोन्ही याद्यांतल्या माणसांच्या विश्वासाला लेखक एकच शाबासकी देतो आणि वर सांगतो की वचनाप्रमाणे यांना अजून मिळालेलं नव्हतं. खात्री होती ती देव देव आहे याची. सिंहाचं तोंड बंद राहील की नाही, याची पावती कुणाच्याच खिशात नव्हती. दानीएलाच्या पुस्तकात शद्रख, मेशख आणि अबेद्नगो भट्टीपुढे उभे राहून राजाला जे सांगतात ते मला या सगळ्या विषयावरचं सर्वांत सरळ बोलणं वाटतं: आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, पण नाही सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. ‘नाही सोडवलं तरी’ हे शब्द भाव ठेवणाऱ्याच्याच तोंडी येऊ शकतात. हमीच्या कागदावर त्यांना जागा नसते.

फरक खरा कळतो तो रिपोर्ट वाईट आल्यावर. हमी तुटली की कुणावर तरी दोष टाकावाच लागतो, आणि देवावर टाकायची सोय नसल्यामुळे तो आजाऱ्याच्या माथी बसतो. ‘बाई, तुमचा विश्वास कमी पडला.’ हे वाक्य मी आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर, डोळे सुजलेल्या आईला सांगितलेलं ऐकलंय. शास्त्रातल्या ईयोबावर दुःखामागून दुःख कोसळलं, तेव्हा त्याचे मित्र हेच करत होते. पहिले सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले तोवर ठीक चाललं होतं. तोंड उघडलं आणि हिशेब सुरू झाला: एवढं दुःख आहे म्हणजे कुठेतरी पाप असणारच. शेवटी देव रागावतो तो त्यांच्यावर. आरडाओरडा करणारा, देवाला जाब विचारणारा ईयोब माझ्याविषयी बरोबर बोलला, असं देव म्हणतो.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातला बाप घ्या. मुलाला लहानपणापासून फेफरं येतं, विस्तवात पडतो, पाण्यात पडतो. शिष्यांना जमलेलं नाही. बाप थकून येशूला म्हणतो, तुमच्याने काही होत असेल तर करा. आणि मग, मी विश्वास ठेवतो, माझा अविश्वास घालवून टाका. एका श्वासात दोन्ही! येशू त्याला ‘आधी शंका काढून ये’ म्हणून परत पाठवत नाही, मुलाला तिथेच बरं करतो. शंका भावाच्या शेजारी बसू शकते. हमीला मात्र ती चालत नाही, एक शंका आली की हमी फाटली. म्हणून हमीवाल्या सभांत शंकेला एवढं घाबरतात.

अर्थात शास्त्रात दुसऱ्या बाजूची वचनंही आहेत आणि ती झाकून चालणार नाही. बारा वर्षं रक्तस्रावाने पिडलेल्या बाईला येशू म्हणतो, तुझ्या विश्वासाने तुला बरं केलं. नासरेथात, येशूच्या स्वतःच्या गावी, लोकांच्या अविश्वासामुळे फारसं घडलं नाही. विश्वासाचा चंगाईशी संबंध आहे, मी नाकारत नाही. पण त्याचं सूत्र होत नाही. बेथेस्दाच्या तळ्याकाठी पडलेल्या, ३८ वर्षं आजारी असलेल्या माणसाला आपल्याला कुणी बरं केलं हेही माहीत नव्हतं. छपरातून खाली सोडलेल्या पक्षघाती माणसाच्या बाबतीत येशूने पाहिला तो खाट वाहून आणणाऱ्यांचा विश्वास. आणि याकोबाच्या पत्रातलं ते प्रसिद्ध वचन, विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील, त्यात प्रार्थना करायची आहे मंडळीच्या वडिलांनी, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांनी. तेव्हा विश्वास कमीजास्त झाला असं मोजायचंच असेल, तर आधी वडील मंडळींनी रांगेत उभं राहावं. हे मी एकदा बायबल स्टडीत म्हटलं तर आमचे पाळकसाहेब मोठ्याने हसले. एक वडील हसले नाहीत.

औषधाचं म्हणाल तर प्रेषित पौलाकडे बघावं. इफिसात त्याच्या अंगावरचे रुमाल नेऊन लावले तरी लोक बरे होत होते. तोच पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहितो की पोटासाठी आणि वरचेवर येणाऱ्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घेत जा. तोच सांगतो, सोबती त्रफिमाला मी मिलेतात आजारी ठेवून आलो. रुमाल पाठवला नाही! स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी त्याने तीनदा विनंती केली आणि उत्तर मिळालं, माझी कृपा तुला पुरे आहे. त्याच्याबरोबर फिरणाऱ्या लूकाला तो ‘प्रिय वैद्य’ म्हणतो, आणि त्यात त्याला काही विसंगत वाटत नाही. आमच्याकडे मिशनरी डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत दवाखाना उघडला. अशा मिशन दवाखान्यांत टेबलावर घेतलेल्या रोग्यासाठी आधी प्रार्थना आणि मग चाकू, ही रीतच पडली. प्रार्थना झाली म्हणून चाकू कुणी खाली ठेवला नाही.

आणि पंडिता रमाबाई. आईबाप आणि बहीण दुष्काळात गेली, लग्नाला दोन वर्षं होण्याआधी १८८२ साली पतीही गेले. १८८३ साली डॉक्टर व्हायला इंग्लंडला गेल्या, पण कानाने नीट ऐकू येत नसल्यामुळे तो मार्ग बंद झाला. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात १९०५ साली जे आध्यात्मिक संजीवन, म्हणजे जागृती, झालं त्याची वार्ता जगभर गेली, शेकडो मुली रात्र-रात्र प्रार्थना करत होत्या. ज्या बाईच्या अंगणात हे घडलं तिचा बहिरेपणा मात्र गेला नाही. १९२१ साली मुलगी मनोरमा वारली. म्हाताऱ्या, खचलेल्या शरीराने रमाबाई मराठी शास्त्राचं भाषांतर करत राहिल्या आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये गेल्या. चंगाईच्या स्टेजवर रमाबाईंना उभं केलं असतं तर त्यांचा विश्वास किती टक्के भरला असता?

आता उलट बाजूचा गोंधळ. भाव ठेवणं म्हणजे मुकाट मान तुकवणं असंही काहींना वाटतं. खाटेजवळ येऊन पहिल्याच मिनिटाला ‘देवाची इच्छा’ म्हणणारे पाहुणे मला हमीवाल्यांइतकेच नकोसे होतात. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशू आधी मागतो: हा प्याला माझ्यापासून दूर कर. पालथं पडून मागतो, पुन्हा जाऊन तेच शब्द बोलून मागतो. ‘तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको’ हे त्या मागण्यानंतर येतं, त्याच्याऐवजी नाही. तेव्हा चंगाई मागावी, तेल लावावं, रडावं, भांडावं. तेवढी मोकळीक भाव ठेवणाऱ्यालाच असते.

मावशींना हे सगळं मी सांगितलं नाही. दवाखान्यात प्रवचन कोण ऐकतं? मी फक्त मत्तयातला तो उडीचा प्रसंग वाचून दाखवला. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “म्हणजे मी उडी मारली का गं?” त्यावर मला काही बोलता आलं नाही, म्हणून मी त्यांचे पाय चेपत बसले, एकच पाय, दुसऱ्याला पट्टी होती. पुढच्या आठवड्यात त्यांची दोन बोटं काढावी लागली. ऑपरेशनच्या सकाळी पाळकसाहेबांनी कपाळाला तेल लावून प्रार्थना केली, तेव्हा चंगाई मागितली आणि सर्जनच्या हातासाठीही मागितलं. ‘आमेन’ सगळ्यांत मोठ्याने मावशींचं होतं.

गेल्या रविवारी उपासनेला आल्या, खास बूट घालून, काठी टेकत. पर्समधून सात कप्प्यांची प्लास्टिकची डबी काढून मला दाखवली, सुनेने आणून दिलेली. रविवारचा कप्पा रिकामा होता. “निघायच्या आधीच घेतली,” म्हणाल्या, आणि स्तोत्रसंहिता उघडून चष्मा शोधायला लागल्या.