गिटार इफेक्ट पेडल : घरगुती बांधणीतील फलकपद्धती

इफेक्ट पेडल म्हणजे गिटारचा स्वर बदलणारी, पायाने चालवायची डबी. घरी बांधलेल्या अशा पेडलमधील रोधक, धारित्रे, ट्रँझिस्टर व आयसी ज्या आधारावर बसवून एकमेकांस जोडतात, त्याचे रूढ प्रकार चार : खुंट्यांचा टॅगबोर्ड, सुट्या टिकल्यांचा छिद्रफलक (बाजारी नाव ‘झीरो पीसीबी’), तांब्याच्या समांतर पट्ट्यांचा स्ट्रिपबोर्ड आणि मुद्रित मंडल म्हणजे पीसीबी. भागांचे पाय थेट एकमेकांना सोल्डर करण्याची फलकविरहित रीतही आहे. ती बहुधा साध्या बूस्टरपुरतीच (संदेश केवळ मोठा करणाऱ्या पेडलपुरतीच) वापरतात.

मुद्रित मंडलाच्या जनकत्वाविषयी एकमत नाही. आल्बर्ट हॅन्सन यांच्या 1903 च्या ब्रिटिश पेटंटमध्ये निरोधक फलकावर चिकटवलेल्या सपाट धातुपट्ट्यांची कल्पना आढळते. अमेरिकेत चार्ल्स डुकास यांनी 1925 मध्ये साच्यातून संवाहक शाई लावून तीवर धातूचा मुलामा देण्याची रीत सुचवली. व्हिएन्नात जन्मलेले पॉल आयस्लर यांनी लंडनमध्ये 1936 च्या सुमारास अशा मंडलाचा रेडिओ बनवल्याचे सांगतात. त्यांचा पेटंट अर्ज मात्र 1943 मधला आहे. कल्पनेचे श्रेय हॅन्सन यांना देणारे मत निराधार नाही. तथापि, फलकभर तांब्याचा पत्रा घेऊन नको तो भाग रसायनाने खाऊन टाकण्याची आजची घरगुती रीत पाहता तिचा वंश आयस्लर यांच्याकडे नेणे अधिक सयुक्तिक वाटते. स्ट्रिपबोर्ड त्यानंतरचा : ‘व्हेरोबोर्ड’ हे त्याचे मूळ व्यापारी रूप इंग्लंडमधील व्हेरो कंपनीने 1959 च्या सुमारास विकसित केले. ब्रिटनच्या छंद-मासिकांनी त्यावरील मांडण्या छापून तो घरोघरी नेला.

पेडलच्या इतिहासात या दोन्ही पद्धती शेजारी शेजारी दिसतात. मॅस्ट्रो फझ-टोन हे फझ (स्वर मुद्दाम खरखरीत करणारे) पेडल 1962 मध्ये बाजारात आल्यावर लंडनमध्ये टोन बेंडर या फझ पेडलची मालिका 1965 पासून सुरू झाली. तिच्या मार्क 2 या आवृत्तीतील मंडल स्ट्रिपबोर्डवर होते. आर्बिटर कंपनीच्या 1966 मधील फझ फेसला पीसीबी होता. फझ फेसचे दोन ट्रँझिस्टरांचे मंडल टोन बेंडरच्या एका आधीच्या आवृत्तीशी जवळजवळ जुळते, आणि ते तेथूनच आले असावे असा बहुतेकांचा कल आहे. हाताने तारा जोडलेल्या पेडलचा स्वर अधिक ‘उबदार’ असतो, ही वादकांतील समजूत यामुळे दुबळी ठरते. स्वर ठरतो तो ट्रँझिस्टरांची निवड आणि भागांची मांडणी यांवर.

मांडणीचा परिणाम मात्र खरा आहे, आणि पद्धत निवडताना त्याचाच विचार आधी व्हावा. स्ट्रिपबोर्डच्या छिद्रांतील अंतर 2.54 मिमी असते. लगतच्या दोन पट्ट्यांमध्ये काही पिकोफॅरड धारिता आपोआप निर्माण होते. एरवी ती नगण्य. पण संदेश (गिटारकडून येणारा विद्युत संकेत) उलटवून 100 पट वाढवणाऱ्या वर्धक टप्प्याच्या आत येणारी व बाहेर जाणारी पट्टी शेजारी आली, तर त्यांच्यातील 2 पिकोफॅरड धारिता मिलर परिणामामुळे (वर्धकाच्या वाढीने अशी धारिता गुणली जाण्यामुळे) प्रवेशापाशी सुमारे 200 पिकोफॅरड इतकी भासते. स्रोताचा रोध 100 किलोओहम असल्यास 8 किलोहर्ट्झच्या आसपास आवाजाची वरची धार बोथट होऊ लागते. टप्पा संदेश न उलटवणारा असेल तर तीच धारिता शिट्टी किंवा आंदोलन (ऑसिलेशन) उत्पन्न करू शकते. उपाय सोपा आहे : दोहोंच्या मध्ये भूमीला (ग्राउंडला) जोडलेली एक पट्टी सोडावी. नको तेथील जोडणी खंडित करण्यासाठी पट्टी तोडताना तांब्याचा केसाएवढा धागा मागे राहणे, हे न चालणाऱ्या पेडलचे नेहमीचे कारण. प्रत्येक छेद भिंगाखाली पाहावा आणि वीज देण्यापूर्वी मल्टिमीटरने तपासावा.

फझसारख्या जर्मेनियम मंडलात ट्रँझिस्टर बदलून पाहावे लागतात. वारंवार उष्णता दिल्यास पीसीबी आणि स्ट्रिपबोर्ड या दोहोंवरील तांबे उचलले जाते, म्हणून तेथे सॉकेट घालावे किंवा टॅगबोर्ड घ्यावा. टॅगबोर्ड जागा फार खातो. 112 × 60 मिमीच्या प्रचलित ॲल्युमिनियम डबीत त्यावर मोजकेच भाग मावतात. एका ऑप-ॲम्पच्या (वर्धक आयसीच्या) ओव्हरड्राइव्हला, म्हणजे फझहून सौम्य विकृती देणाऱ्या पेडलला, स्ट्रिपबोर्ड पुरेसा आहे. बकेट-ब्रिगेड आयसी (घड्याळ-स्पंदांच्या तालावर संदेश पुढे ढकलत तो लांबवणारी आयसी) असलेल्या कोरस किंवा डिले मंडलांत घड्याळ-स्पंदांचा आवाज संदेशात शिरतो. तेथे भूमीचे सलग पटल असलेला पीसीबीच घ्यावा, असे स्पष्ट मत नोंदवणे योग्य होईल.

पीसीबी घरी बनवताना लेसर प्रिंटरचा टोनर इस्त्रीने तांब्यावर उतरवून फलक फेरिक क्लोराइडमध्ये ठेवतात. हे द्रावण कपड्यांवर न जाणारे डाग पाडते, धातू खाते आणि वापरल्यावर त्यात तांबे उतरलेले असते. ते गटारात ओतू नये. एकच पेडल हवे असल्यास हा खटाटोप क्वचितच परवडतो. अनेक नग हवे असतील तर संगणकावरील आरेखन कारखान्याकडे पाठवणे आता सोयीचे झाले आहे.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड व पुण्याची तपकीर गल्ली येथे झीरो पीसीबी सहज मिळतो. त्याचा स्वस्त, तपकिरी, कागदी-फेनॉलिक प्रकार काच-इपॉक्सीपेक्षा ओल अधिक शोषतो. कोकण-गोव्याच्या दमट हवेत 1 मेगाओहम इतक्या मोठ्या प्रवेशरोधाच्या (इनपुट इम्पिडन्सच्या) मंडलांसाठी काच-इपॉक्सी फलक घ्यावा.