गिऱ्हाईक बघतंय!

सोलापूरकराला मासा म्हटलं की उजनीची चिलापी आठवते. पण खाऱ्या पाण्याची टाकी घरात ठेवण्याचा नाद असलेली माणसं इथेही आहेत, आणि त्यांच्यातला नवखा हटकून विचारतो: माशांच्या अंगावरचे किडे खाणारा तो निळ्या अंगाचा, काळ्या पट्ट्याचा मासा आणू का? माझं उत्तर असतं, नको.

या माशाला क्लीनर रास म्हणतात. शास्त्रीय नाव लॅब्रॉइडिस डिमिडिएटस. लांबी फार तर 14 सेंटिमीटर. तांबड्या समुद्रापासून पॅसिफिकमधल्या बेटांपर्यंतच्या प्रवाळांत तो राहतो. आपल्याकडे लक्षद्वीप आणि अंदमानला. त्याची जागा ठरलेली असते आणि गिऱ्हाईक तिथे चालून येतं. हेकरूसारखा शिकारीही तोंड वासून, कल्ले फाकवून निमूट थांबतो आणि हा खुशाल त्याच्या जबड्यात शिरून रक्तपिपासू किडे टिपतो. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात एकेक मासा दिवसाला सरासरी 1,200 परजीवी खात असल्याचं दिसलं.

इथवर सगळं सोज्वळ. गंमत पुढे आहे. त्याला खरी चटक किड्यांची नसतेच, माशाच्या अंगावरच्या बुळबुळीत थराची असते. हा थर माशाचं संरक्षण करतो. तो ओरबाडला की गिऱ्हाईक झटका देतं, अंगावर धावून येतं किंवा सरळ दुसऱ्या क्लीनरकडे जातं. जवळपास दुसरं गिऱ्हाईक बघत असेल, तर मात्र हा पठ्ठ्या कमी लबाडी करतो. नव्या पेठेत पायरीवर आणखी कोणी उभं दिसलं की चादरवाला जरा जास्तच गोड बोलतो, तसंच हे. शिकारी माशाशी तर तो सहसा वाकड्यात शिरत नाही. कारण उघड आहे.

आता हाच मासा काचेच्या टाकीत टाका. मोजके मासे, त्यांच्यावरचे किडे लवकरच संपणार. मग तो उपाशी राहतो, नाहीतर बाकीच्यांना ओरबाडतो. आणि त्यांना पळायला जागा नाही. मे महिन्यात चाळिशीपार गेलेल्या सोलापुरात टाकीचं पाणी 26-27 अंशांवर ठेवण्याचा खर्च वेगळाच.

समुद्रात धाक फक्त गिऱ्हाइकाचा नसतो, घरातही असतो. एका नराच्या हद्दीत अनेक माद्या. जोडीने सफाई करताना मादीने लचका तोडला आणि गिऱ्हाईक निघून गेलं, तर नर तिच्यामागे लागून तिला पिटाळतो. त्यानंतर ती थोडी नीट वागते. यात नराचा स्वार्थ आहेच: गिऱ्हाईक गेलं की त्याचंही जेवण गेलं. पण त्याची गादी कायमची नसते. तो मेला की सगळ्यात मोठी मादी काही तासांतच नरासारखी वागू लागते, आणि साधारण दोन आठवड्यांत तिच्या शरीरात शुक्रजंतू तयार होऊ लागतात.