कालांग नदीचे पात्र उद्यानात कसे आले

सिंगापूरमधील बिशान आणि आंग मो किओ या दोन वसाहतींच्या मधल्या उद्यानातून आज जी कालांग नदी वळणे घेत वाहते, ती २००९ पूर्वी तेथे नव्हती. तिचे पाणी तेव्हा उद्यानाच्या कडेने, कुंपणापलीकडच्या सरळसोट काँक्रीटच्या कालव्यातून जात असे. तो कालवा फोडून नदीचे पात्र उद्यानात वळवण्याचे काम २००९ ते २०१२ या काळात झाले. त्याचे कौतुक करताना जुना कालवा ही चूकच होती असे सर्रास म्हटले जाते. मला ते अन्यायाचे वाटते, आणि म्हणून कालवा का बांधला गेला तेथूनच सुरुवात करणे योग्य ठरेल.

कालांग ही सिंगापूरमधील सर्वांत लांब नदी असली तरी तिची लांबी अवघी दहा किलोमीटरच्या आसपास आहे. लोअर पिअर्स जलाशयापासून निघालेले पाणी पूर्वी थेट खाडीत उतरत असे. बेटावर वर्षाकाठी सुमारे २,४०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्याचा मोठा भाग तास-दोन तासांच्या मुसळधार सरींतून येतो. त्यातच समुद्राला भरती असली की सखल भागातले पाणी बाहेर पडायला वाट उरत नसे. नदीकाठच्या पोटाँग पासिरमधील भाजीचे मळे आणि झोपड्या अशा वेळी हमखास पाण्याखाली जात. पुढे वसाहती झपाट्याने उभ्या राहिल्या, जमीन डांबर आणि सिमेंटखाली गेली, मुरणारे पाणीही वाहू लागले. डिसेंबर १९७८ मध्ये २४ तासांत ५१२ मिलिमीटर पाऊस झाला आणि माणसे दगावली. अशा देशाने नद्या सरळ, खोल आणि गुळगुळीत करून पाणी लवकरात लवकर समुद्राला लावायचे ठरवले, यात नवल नाही. या धोरणाचे फळही मिळाले: १९७० च्या दशकात सुमारे ३,२०० हेक्टर असलेले पूरप्रवण क्षेत्र पुढच्या चार दशकांत ५० हेक्टरच्या आसपास आले.

त्याची किंमत नदीने मोजली. एरवी काँक्रीटच्या तळावरून पाण्याची बारीकशी धार तेवढी वाहत असे. ना काठ, ना सावली, ना माशाला दडायला दगडाची कपार. १९८८ मध्ये शेजारी उद्यान झाले, पण कालवा पाण्याच्या खात्याचा आणि बाग उद्यान मंडळाची अशी वाटणी असल्याने मधले कुंपण तसेच राहिले.

विचार बदलला तो पाण्याच्या गरजेने. सिंगापूरला पाण्यासाठी मलेशियावर अवलंबून राहायचे नव्हते. २००८ मध्ये खाडीच्या तोंडाशी मरीना बंधारा पूर्ण झाला आणि कालांगसकट तेथे उतरणारे सगळे ओढेनाले एका गोड्या पाण्याच्या जलाशयाचे पाणलोट क्षेत्र झाले. देशाचा दोन तृतीयांश भूभाग आता अशा पाणलोटात मोडतो. ज्या पावसाला हुसकून लावायचे होते, तोच साठवायचा ठरला. मग गटारवजा कालव्यांकडे पाहण्याची नजर तशीच राहणे शक्य नव्हते. २००६ मध्ये पीयूबी या जलसंस्थेने कालवे आणि जलाशय लोकांसाठी खुले व सुंदर करण्याचा कार्यक्रम हाती घेतला. योगायोगाने बिशानचा कालवा दुरुस्तीला आला होता आणि उद्यानही नव्याने सजवायचे होते. पीयूबी आणि उद्यान मंडळ यांनी दोन्ही कामे एकत्र केली, आराखडा जर्मन रचनाकार हर्बर्ट ड्राइझाइटल यांच्या संस्थेने तयार केला, आणि कुंपण निघाले. माझ्या मते सगळ्या अभियांत्रिकीपेक्षा अवघड गोष्ट हीच होती.

२.७ किलोमीटरचा सरळ कालवा ३.२ किलोमीटरची वळणदार नदी झाला. वळणांनी पाण्याचा वेग कमी होतो, मग पूर वाढणार नाही का, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर रुंदीत होते. १७ ते २४ मीटरच्या कालव्याऐवजी पाण्याला काही ठिकाणी जवळजवळ १०० मीटरपर्यंत पसरायला गवताळ उतार मिळाले, आणि वहनक्षमता सुमारे ४० टक्क्यांनी वाढली. कोरड्या दिवशी लोक ज्या गवतावर बसतात, तेच मोठ्या पावसात नदीचे पात्र होते. म्हणून काठावर लाल खुणांचे खांब, पाण्याची पातळी मोजणारी यंत्रे, इशाऱ्याचे दिवे आणि भोंगे बसवलेले आहेत.

काठ काँक्रीटशिवाय टिकतील का, हे आधी कोणालाच खात्रीने सांगता येत नव्हते, कारण झाडांच्या मुळांनी काठ बांधण्याची ही रीत सिंगापूरमध्ये कधी वापरली गेली नव्हती. त्यासाठी उद्यानातल्याच ६० मीटरच्या एका ओहोळावर दहा पद्धती महिनोन्‌महिने तपासल्या गेल्या: जिवंत फांद्यांच्या मोळ्या उतारात आडव्या पुरून, दगडांच्या फटींत कलमे खोचून, जाळीत भरलेल्या दगडांवर रोपे चढवून. दगड पहिल्या दिवसापासून जोर धरतो, मुळे मात्र वेळ घेतात. रोपे वाढत गेली तसा काठ वर्षागणिक भक्कम होत गेला. फोडलेल्या कालव्याचे तुकडे वाया न घालवता त्यांची उद्यानात एक टेकडी उभारली आहे.

कोणताही प्राणी बाहेरून आणून सोडलेला नसताना पहिल्या दोन वर्षांत जैवविविधता सुमारे ३० टक्क्यांनी वाढल्याची नोंद झाली. चतुर, बगळे, खंड्या आपणहून आले. २०१४ मध्ये पाणमांजरांचे एक कुटुंब येथे राहू लागले. उद्यान संपते तेथे नदी आजही काँक्रीटच्या कालव्यात शिरते, आणि हेच कुटुंब पुढे त्या कालव्याच्या वाटेने कालांगच्या मुखाकडे गेले.